इंजनाची चार पावलं

बनूला एकदा बैलगाडीत बसवलं की सांगलीहून परत येईपर्यंत तिनं चार लोकांदेखत खाली पाय ठेवायचा नाही, एवढाच राहीबाईचा बेत होता. बेत साधा होता आणि राहीबाईच्या इतर बेतांप्रमाणेच तो कुणालाही विचारून केलेला नव्हता.

"आत्ती, आन् उतराय लागलं तर?" बनूनं विचारलं.

"कशाला लागतंय? गाडीत बसून बघ, गाडीत बसून खा. लुगडं पायावर वढून घे आन् गप बस."

लहानपणी बनूचा डावा पाय गाडीच्या चाकाखाली आला होता. पाय वाचला, पण चालताना ती डाव्या अंगाला जराशी झुकायची. त्यानं तिचं काही अडत नव्हतं. शेतात भांगलणीला, तण काढायला, बसली की तिची पात सगळ्या बायकांच्या पुढे असायची. पण मुलगी बघायला येणाऱ्यांना भांगलण बघायची नसते. ते गुळाचा चहा घेतात, नाव विचारतात, आणि मग त्यांच्यातला एखादा म्हातारा सुपारी कातरता कातरता म्हणतो, "बाळ, चार पावलं चालून दाखव बघू." बनू चालून दाखवायची. पाहुणे एकमेकांकडं बघायचे, "कळवतो" म्हणायचे आणि उठायचे. आजवर कुणी काही कळवलं नव्हतं.

शेवटचे पाहुणे गेल्यावर बनूनं बापाला, तात्याबाला, सांगून टाकलं होतं, "आबा, म्या लगीन नगं म्हनत न्हाई. पर आता कुनाला चालून दाखवनार न्हाई." तात्याबा मऊ स्वभावाचा माणूस. तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला.

त्याची थोरली बहीण राहीबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती, आणि हे घर आपण चालवतो याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती. म्हणून जोतीराम नावाचा एक पाहुणा आपल्या भाच्याचं स्थळ घेऊन कडेगावाजवळच्या त्यांच्या वस्तीवर आला, तेव्हा बोलणी तिनंच केली.

जोतीराम म्हणाला, "आवं, आमचा कृष्णात इंजनाचा डायवर हाय. लढाईत साहेबाच्या आगगाड्या पळवल्या त्येनं. आता सांगलीच्या प्रदर्शनात एक आख्खं इंजन त्येच्या ताब्यात दिलंय. तुमी तिकडंच या की. पोरगं बघा, इंजन बघा. आमीबी तितंच पोरगी बघतो."

राहीबाईनं क्षणभर विचार केला. माळरानावर घराचा सोपा नसतो, पाट नसतो, सुपारी कातरणारे म्हातारे नसतात. मुलगी गाडीत बसलेली, पाय झाकलेले. "येतो," ती म्हणाली.

जोतीराम अगदीच खोटं बोलला नव्हता. कृष्णात लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याकडं होता आणि आगगाडीवरच होता, फक्त त्याच्या हातात फावडं असायचं आणि त्या फावड्यानं तो कोळसा टाकायचा. लढाई संपून दुसरं वर्ष लागलं होतं. सांगलीला विश्रामबागेकडच्या माळावर शेतकी प्रदर्शन भरलं होतं, तिथं लोकांनी बघावं म्हणून एक लहानसं इंजन आणून ठेवलं होतं. धरणाच्या कामावर दगड ओढून ओढून ते म्हातारं झालं होतं, पोटाला भोक पडलं म्हणून कामावरून काढलं होतं. त्याला पुसायचं, पोराटोरांना वर चढू द्यायचं नाही आणि कुणी विचारलं तर चार शब्दांत माहिती सांगायची, हे कृष्णातचं काम. चाकांना तेल घालायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते तो आपण होऊन घालायचा, रोज सकाळी, देवपूजेच्या वेळेला.

तेव्हा एक बाजू मुलीचा पाय झाकून निघाली होती आणि दुसरी इंजनाचं भोक झाकून वाट बघत होती. यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. लग्न जमवताना लोक जेवढं झाकतात त्यापेक्षा हे काही जास्त नव्हतं.

तात्याबाची गाडी माळावर पोचली तेव्हा इंजनाभोवती बरीच माणसं होती. बायकांनी त्याच्या गोल काळ्या तोंडाला हळदकुंकू लावलं होतं. कुणीतरी नारळ फोडून खोबरं वाटत होतं. इंजन बघून तात्याबाचे बैल बुजले, म्हणून ते सोडून दूर लिंबाखाली बांधावे लागले, आणि गाडी चौघांनी हातानं ढकलत इंजनाच्या पलीकडच्या अंगाला, अगदी चाकाशेजारी नेऊन लावली. तिकडं सावली होती आणि माणसं नव्हती. राहीबाईला हेच हवं होतं. बनू गाडीत पाय झाकून बसली. तिच्यासमोर इंजनाचं मोठं चाक होतं आणि चाकाखाली उताराच्या बाजूला लाकडाचा एक जाड गुटका ठोकलेला होता.

कृष्णात अंगावर खाकी सदरा घालून, हात पुसून पुढं आला. रामराम झाला. मुलगा अंगानं धट्टाकट्टा होता आणि नजर खाली ठेवून बोलत होता. तात्याबाला तो आवडला. त्यानं पाऊसपाण्याचं विचारलं. राहीबाईनं मात्र मुलाकडं एकदा आणि इंजनाकडं दोनदा बघितलं.

"ह्ये पळतंय किती?"

कृष्णातनं तोंड उघडलं, पण उत्तर जोतीरामनं दिलं. "घोड्यावानी!"

"मग दावा की पळवून."

"पळवलं आस्तं, पर आज कोळसा न्हाई बघा."

"कोळसा नसंना. सैपाकाला लाकडं आनल्यात आमी. लय हायती."

"पानीबी लागतंय, राहीबाई. थोडंथिडकं न्हवं."

"हीर काय लांब हाय?"

भोवतालच्या लोकांना हे बोलणं फार आवडलं. इंजन चालणार ही बातमी हलवायाच्या पालापासून ते बैलांच्या रांगेपर्यंत जाऊन पोचली. कुणी घागर आणली, कुणी बादली. विहिरीपासून इंजनापर्यंत माणसांची रांग लागली. कृष्णात एकेकाला हात जोडत होता. "आवं, नगा... आत्याबाई, ऐका माजं, ह्येच्या पोटाला..." एवढं म्हणेपर्यंत जोतीराम त्याच्या पायावर पाय द्यायचा.

पोटाचं सांगायची वेळ आलीच नाही. वरून ओतलेलं पाणी खालून निघालं आणि तात्याबाच्या नव्या वहाणांत शिरलं. तोवर एका हौशी माणसानं भट्टीत लाकडं घालून पेटवली होती. धूर झाला. तो धुराड्यातून सोडून बाकी सगळीकडून बाहेर आला, आणि इंजनावर चढलेली माणसं खोकत खोकत खाली उतरली.

कृष्णातनं पुढं होऊन जाळ विझवला. मग तो वळला आणि मामाकडं न बघता तात्याबाला म्हणाला, "आवं, ह्ये चालत न्हाई. ह्येच्या पोटाला भोक हाय. म्या डायवरबी न्हाई. लढाईत कोळसा टाकत हुतो, आता ह्ये पुसतो. तुमास्नी लांबनं यायला लावलं, माफी करा."

जोतीरामनं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. तात्याबाला राग यायला हवा होता, पण मुलगा इतक्या सरळपणे बोलला की तो आणखीच आवडला. राहीबाईला राग आला. तो राग जोतीरामचा नव्हता. इतक्या वर्षांत जे पाहुणे "कळवतो" म्हणून उठून गेले, त्या सगळ्यांचा होता, आणि त्यांच्यातला कुणीच समोर नसल्यामुळे तो इंजनावर निघाला.

"चालत न्हाई?" ती कडाडली. "ढकलून चालवा! पळू नगंसना, चार पावलं चालून दावा. आमच्या पोरीला आजपातुर ज्यो आला त्येनं चार पावलं चालाय लावलं. आज आमी बघाय आलोय!"

लोक तिच्या मागणीच्या बाजूचे झाले. न्यायाची गोष्ट होती. पंचवीसतीस गड्यांनी धोतरं खोचली आणि मागून इंजनाला खांदे लावले. तात्याबाही ओल्या वहाणा काढून त्यांच्यात शिरला.

कृष्णात बाजूला उभा राहिला. पलीकडचा गुटका त्याला ठाऊक होता, त्यानंच तो ठोकला होता. रूळ जेमतेम वीसपंचवीस हात पुढं जाऊन संपत होते, जमीन उताराची होती, आणि उताराच्या टोकाला भाजीपाल्याचा मांडव होता. इंजन हललं नाही तर फार तर आपलं लग्न मोडेल, असा त्यानं मनाशी हिशोब केला आणि गुटक्याचं नाव काढलं नाही.

"जोर लावा रं! हां... एकदम!"

इंजन हललं नाही. गड्यांनी पुन्हा जोर केला. एकाचं धोतर सुटलं. इंजन ढिम्म होतं.

राहीबाईनं कमरेवर हात ठेवले. "पाव्हनं, तुमचं इंजन लंगडं हाय!"

सगळा माळ हसला. माणसं पोट धरून हसली. "लंगडं! लंगडं!" पोरं नाचायला लागली. राहीबाईही हसली, आणि हसता हसता आपण कोणता शब्द बोललो हे तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. पण तोंडातून गेलेला शब्द इंजनाच्या पलीकडं पोचला होता.

बनूनं तो ऐकला होता. तो तिच्यासाठी नवा नव्हता. दाराआडून, पाणवठ्यावर, कुजबुजीत तिनं तो पुष्कळदा ऐकला होता. पण तो शब्द दुसऱ्या कुणाला लागताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. इंजनाच्या मधल्या फटीतून तिला कृष्णातचं तोंड दिसलं. सगळे हसत असताना त्यानं इंजनाच्या अंगावर तळवा टेकवला होता, बाजारात न विकल्या गेलेल्या बैलावर मालक टेकवतो तसा. तिला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटत असतानाच तिची नजर गुटक्यावर गेली.

गाडीचं चाक उतारावर कशानं थांबतं आणि कशानं सुटतं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? ती गाडीतून खाली उतरली. पलीकडं बघायला कुणी नव्हतं. गुटका हातानं निघेना, म्हणून तिनं डाव्या पायाची टाच त्याच्यावर हाणली. एकदा, दोनदा. गुटका उडाला, आणि बनू चटकन गाडीत जाऊन बसली.

"आनि एकदा, गड्यांनो!" कुणीतरी ओरडलं, आणि इंजन कण्हलं. मग कुरकुरलं. मग हललं.

"चाललं! चाललं गं बया!" राहीबाईनं टाळ्या पिटल्या. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. जोतीरामचा चेहरा उजळला. "म्हनलं न्हवतं? म्हनलं न्हवतं म्या?" तो प्रत्येकाला विचारत सुटला. चार पावलं झाली. ढकलणारे थांबले. इंजन थांबलं नाही.

"बाजूला व्हा! सरका, सरका!" कृष्णात ओरडत उताराकडं धावला. भाजीच्या मांडवात शिरून त्यानं माणसं अक्षरशः बखोटीला धरून बाहेर काढली. तेवढ्यात रूळ संपले. इंजन घाई न करता मातीवर उतरलं, दोर तोडून मांडवात शिरलं आणि मांडवाचं कापड डोक्यावरून ओढून घेऊन पदर घेतल्यासारखं उभं राहिलं. त्याचं नाक मऊ जमिनीत रुतलं होतं. नाकाखाली एक भोपळा होता, म्हणजे मघापर्यंत होता.

तो भोपळा नानासोंचा होता. नानासो प्रदर्शनाचे मुख्य चालक होते. त्या भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भाजीपाल्याचे परीक्षकही नानासोच होते. ते धावत आले, भोपळ्याच्या बिया बघून क्षणभर उभे राहिले आणि मग कृष्णातवर धावून गेले.

"गुटका लावला होतास का नव्हतास?"

"लावला हुता, साहेब."

"मग काढला कुणी?"

कृष्णातनं मागं वळून पाहिलं. इंजन जिथं होतं तिथं आता मोकळी जागा होती, गुटका एका बाजूला पडला होता आणि त्याच्याजवळ बैलगाडी होती. गाडीत एक मुलगी मान खाली घालून बसली होती. लुगड्यातून बाहेर राहिलेल्या तिच्या टाचेला काळं तेल लागलं होतं. हे तेल कुठलं हे कृष्णातला कुणी सांगायला नको होतं.

"म्याच काढला, साहेब," तो म्हणाला.

"तू? एवढी माणसं समोर असताना? आत्ता पोलिसात देतो तुला! जीव गेले असते लोकांचे!"

बोलणं खरं होतं, म्हणून कुणी मधे पडेना. तात्याबा हात जोडून उभा होता. जोतीराम हळूहळू गर्दीच्या मागच्या बाजूला जात होता.

बनू गाडीतून उतरायला लागली. राहीबाईनं लांबून तिला हातानं थांबायची खूण केली, डोळ्यांनी दटावलं, "बस खाली" म्हणून ओठ हलवले. बनू उतरली. गाडीपासून मांडवापर्यंत अंतर बरंच होतं आणि सगळी माणसं त्या अंतराच्या दोन्ही बाजूंना उभी होती. ती त्यांच्यामधून चालत निघाली. डाव्या अंगाला झुकत, सावकाश, पदर न सावरता. चालून दाखवणार नाही म्हणाली होती ती. राहीबाईनं डोळे मिटून घेतले.

"म्या काढला गुटका," बनू नानासोंना म्हणाली. "ह्येंनी न्हाई."

"तू? कशाला, बाई?"

"लोक हसत हुतं त्येला."

"कुणाला? इंजनाला?"

बनूनं जरा विचार केला. "व्हय," ती म्हणाली, "इंजनाला."

इंजनाची दया आली म्हणून एखाद्या पोरीला पोलिसात कसं द्यायचं, हे नानासोंना सुचेना. तात्याबानं हीच वेळ साधून आपल्या परसातले दोन भोपळे आणून द्यायचं कबूल केलं. "याच्याएवढे असतात का?" नानासोंनी विचारलं. "त्येच्यापरीस थोरलं," तात्याबा म्हणाला, आणि ते पहिल्यांदाच जरा निवले. शिवाय भोवती बघावं तिकडं माणसंच माणसं लोटत होती. नीट उभं असलेलं इंजन बघायला इतकी माणसं कधीच आली नव्हती.

गर्दी पांगायला लागल्यावर सगळे बैलगाडीपाशी आले, तसा जोतीराम परत पुढं झाला. त्याला आवाज फुटला होता. "तात्याबा, पोरीच्या पायाचं तुमी बोलला न्हाईसा."

"तुमी इंजनाच्या पोटाचं बोलला हुता व्हय?" राहीबाईनं विचारलं.

"तसं न्हवं, पर रीतीपरमानं पोरीला एकदा चालून..."

"मामा," कृष्णात म्हणाला. तो लढाईवरून आल्यापासून मामाशी इतक्या मोठ्यानं बोलला नव्हता. "बास झालं. आता कुनी कुनाला चालवून बघायचं न्हाई."

मग तात्याबानं घसा खाकरला आणि मुलीकडच्यानं जे म्हणायचं असतं ते म्हणाला. "काय इचारायचं आसंल तर इचारा पोरीला."

नाव, गाव, स्वयंपाक येतो का, असं काहीतरी विचारायची रीत असते. कृष्णात बनूच्या तेल लागलेल्या टाचेकडं बघत होता.

"एवढं जुनं धूड," त्यानं विचारलं, "ह्ये चालंल आसं कशावरनं वाटलं तुमाला?"

"चाकाला ताजं त्याल हुतं," बनू म्हणाली. "ज्ये कवाच चालनार न्हाई, त्येला कोन रोज त्याल घालतंय?"

इतके दिवस शेकडो माणसं इंजन बघून गेली होती. धुराडं बघून, शिट्टी बघून, पितळ बघून गेली होती. ते तेल कुणाला दिसलं नव्हतं. कृष्णात खाली वाकला आणि उगाचच गुटका उचलून पुसायला लागला.

जोतीराम "कळवतो" म्हणणार होता. राहीबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो शब्द त्यानं गिळला.

लग्न वैशाखात झालं. प्रदर्शन कधीच उठलं होतं, आणि कृष्णात नदीकाठी उसाला पाणी उपसायच्या इंजनावर कामाला लागला होता. ते जागेवरून हलत नसलं तरी पाणी मात्र धो धो ओढायचं, आणि त्यालाही तो रोज सकाळी तेल घालायचा. मांडवात बनू आपल्या चालीनं चालत आली. बघणाऱ्यांनी बघितलं, आणि ते पुन्हा आपापल्या गप्पांना लागले.

पंगतीत जोतीराम दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या मधोमध बसला होता. बुंदीवर हात मारता मारता तो शेजारच्याला सांगत होता, "स्थळ म्याच जमवलं. पोरगं इंजन चालवतंय आसं म्हनलं हुतं मी, आन् सगळ्यांदेखत चाललं का न्हाई?"

राहीबाई बुंदीचं ताट घेऊन त्याच्यासमोरच उभी होती. तिनं त्याच्या पानात आणखी एक मूठ टाकली.

"त्येनं कवा चालवलं, पाव्हनं?" ती म्हणाली. "आमच्या पोरीनं चालवलं. डाव्या पायानं."